शब्द येतात, वाक्य जुळत नाही

प्रश्न : मुरूडला आमची घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. परदेशी पाहुण्यांशी बोलताना इंग्रजी शब्द आठवतात, वाक्य मात्र होत नाही. काय करू? – एक गृहिणी

उत्तर : ताई, अडचण क्रमाची आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्याला लागूनच. ‘होडी राजपुरीहून सुटते’ म्हणजे ‘द बोट लीव्ह्ज फ्रॉम राजपुरी’. आपल्याकडे ‘मांजराने मासा खाल्ला’ आणि ‘मासा मांजराने खाल्ला’ दोन्ही चालतं, कारण अर्थ प्रत्यय सांभाळतो. इंग्रजीत तो जागेवर ठरतो. ‘कॅट’ आणि ‘फिश’ची अदलाबदल केलीत तर मासाच मांजर खातो! म्हणून आधी कोण, मग काय करतो, मग काय किंवा कुठे, एवढाच साचा पक्का करा.

प्रश्न विचारताना साहाय्यक शब्द पुढे आणा : ‘डू यू ईट फिश?’ नकारासाठी ‘आय डोन्ट’, ‘वी डोन्ट’. कर्ता सापडत नसेल तिथे ‘इट’ लागतो : ‘इट इज रेनिंग’. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा हे वाक्य रोजच लागेल.

काळांचे तक्ते सध्या बाजूला ठेवा. स्वयंपाकघरातली दहा वाक्यं या साच्यात लिहा आणि मोठ्याने म्हणा.