दुरुस्तीच्या दुकानातून

प्रस्तावना

शेतीला जोडधंदा असावा, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. दोन म्हशी, दहा-वीस कोंबड्या, परसातली भाजी यांवर घराचा वरखर्च निघतो आणि एखाद्या वर्षी पावसाने दगा दिला, तरी चूल विझत नाही. पण जेथे शेतीच नाही, तेथे काय करावे? छत्तीसगडमधील भिलाईचे उदाहरण घ्या. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या माणसांचे एक नवे गाव वसले. कारखान्याच्या वसाहतीत म्हैस बांधायला गोठा नसतो. परंतु पाळी संपली की हाती काही मोकळे तास उरतात. घरात एखादा संगणक असतो. मग नोकरी सांभाळून सॉफ्टवेअरचा धंदा करता येईल का, असा विचार आजच्या तरुण मनात येणे स्वाभाविक आहे.

या पाठात आपण अशा एका धंद्याची हकीकत वाचणार आहोत. ती भिलाईची नाही, पुण्याची आहे. मात्र तिच्यातून निघणारे प्रश्न भिलाईतील माणसालाही तितकेच लागू पडतात.

मूळ पाठ

कैलास काटकर हे मूळचे सातारा जिल्ह्यातील कुटुंबातले. ते वाढले पुण्यात. दहावीनंतर त्यांचे शिक्षण सुटले आणि १९८५ साली कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात ते महिना ४०० रुपये पगारावर कामाला लागले. दुकानाचे काम म्हटले की त्यात सारेच आले. यंत्र उघडणे, बिघाड शोधणे, हिशेब लिहिणे, गिऱ्हाइकाची समजूत घालणे आणि बोलावणे येईल तेथे पिशवी घेऊन जाणे. बँकांची कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याच्या निमित्ताने त्यांना बँकेत आलेला संगणक पाहायला मिळाला. आज ना उद्या कॅल्क्युलेटरची जागा हे यंत्र घेणार, हे त्यांनी ओळखले आणि पुस्तके मिळवून ते त्याची माहिती करून घेऊ लागले.

१९९० च्या सुमारास सुमारे १५,००० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले. १९९३ मध्ये ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ या नावाने ते संगणकांच्या देखभालीचे काम करू लागले. धाकटे बंधू संजय यांनी संगणकशास्त्रच शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. संजय यांनी पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात ते शिक्षण घेतले.

पुढील भाग समजण्यासाठी त्या काळच्या संगणकाची थोडी माहिती हवी. त्या वेळी इंटरनेट घरोघरी पोहोचलेले नव्हते. एका संगणकावरील माहिती दुसऱ्यावर न्यायची, तर ती फ्लॉपी नावाच्या पातळ, चौकोनी तबकडीवर उतरवून न्यावी लागे. संगणकाचा विषाणू म्हणजे स्वतःची प्रत आपणच काढणारी छोटीशी आज्ञावली. ती फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात किंवा एखाद्या फाइलच्या पोटात दडून बसे. फ्लॉपी दुसऱ्या संगणकात घातली की विषाणूही तेथे उतरे. कार्यालयातील एका मेजावरून दुसऱ्या मेजावर आणि तेथून दुसऱ्या कार्यालयात, असा त्याचा प्रवास चाले.

विषाणूंची जन्मकथाही एका दुकानाशी जोडलेली आहे. वैयक्तिक संगणकावरील पहिला विषाणू म्हणून जो ओळखला जातो, तो ‘ब्रेन’ १९८६ मध्ये लाहोरला तयार झाला. तेथे संगणकाचे दुकान चालवणाऱ्या दोन भावांनी तो लिहिला होता. आपल्या सॉफ्टवेअरची चोरून नक्कल करणाऱ्यांना अडवावे, एवढाच आपला हेतू होता, असे त्यांचे म्हणणे. विषाणूत त्यांनी आपले नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला होता! लाहोरच्या दोन भावांनी रोग सोडला आणि पुण्याच्या दोन भावांनी औषध काढले, असे गमतीने म्हणता येईल.

काटकरांच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या पुष्कळ संगणकांत यंत्राचा बिघाड नसे. बिघाड विषाणूने केलेला असे. संजय यांनी एकेका विषाणूवर उतारा म्हणून छोट्या आज्ञावल्या लिहिल्या. विषाणूच्या आज्ञावलीतील विशिष्ट अक्षरांचा क्रम हा त्याच्या बोटांच्या ठशासारखा असतो. फाइलींमध्ये तो ठसा शोधायचा, सापडला की तेवढाच भाग काढून टाकायचा आणि फाइल पूर्ववत करायची, असे हे काम. दुरुस्त झालेल्या संगणकाबरोबर हा उताराही गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडू लागला. असे अनेक उतारे एकत्र बांधल्यावर विकण्याजोगी वस्तू तयार झाली. १९९४-९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ या नावाने ती बाजारात आली.

येथे थोडे थांबून विचार करू. ही वस्तू जन्मली, तेव्हा तिच्यावर कोणाचे पोट अवलंबून नव्हते. पोट दुरुस्तीवर चालत होते. आज्ञावली आधी लिहून मग गिऱ्हाईक शोधत फिरण्याचा प्रसंग या भावांवर आला नाही. गिऱ्हाईक आपली अडचण घेऊन स्वतःच दुकानात येत होते. नवा विषाणू कोणता आला आहे, हे त्यांना वर्तमानपत्रातून कळायची गरज नव्हती. तो मेजावर उघडलेल्या संगणकातच सापडत असे. केलेला उतारा चालतो की नाही, हेही तेथेच कळे, कारण चालला नाही तर तेच गिऱ्हाईक तोच संगणक घेऊन परत येई. मोठ्या कंपन्या ज्या माहितीसाठी पैसे मोजतात, ती या दुकानात मजुरीसकट मिळत होती. जोडधंदा मुख्य धंद्याला जोडलेला असला, तर दोघांचाही फायदा होतो, तो असा. म्हशीचे शेण शेताला आणि शेतातला कडबा म्हशीला, हाच हिशेब.

अशा यशोगाथा सांगताना ‘दहावीपर्यंत शिकलेला माणूस’ हा भाग फार रंगवला जातो. तो खरा आहेच. पण विषाणूवरची आज्ञावली लिहिणाऱ्या भावाने संगणकशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले होते आणि थोरल्यानेच त्यासाठी आग्रह धरला होता, ही गोष्टही तितकीच खरी आहे. ती सांगितल्यावाचून सोडणे योग्य नव्हे.

वस्तू चांगली असली म्हणून ती लगेच खपत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस काटकर बंधूंची बरीच ओढाताण झाली. २६ एप्रिल १९९९ रोजी ‘चेर्नोबिल’ नावाने ओळखल्या गेलेल्या विषाणूने जगभरातील, विशेषतः आशियातील, असंख्य संगणक निकामी केले आणि विषाणूचे भय सामान्य माणसालाही कळले. तरीही विक्रीचे जाळे हळूहळूच विणले गेले. गावोगावचे संगणक दुरुस्त करणारे दुकानदार हेच त्या जाळ्याचे धागे ठरले, यात नवल नाही. २००७ मध्ये कंपनीने ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ हे नाव घेतले. २०१० मध्ये सिकोया कॅपिटल या गुंतवणूक संस्थेने तिच्यात ६० कोटी रुपये गुंतवले. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीचे समभाग शेअर बाजारात आले. ३२१ रुपयांना विकलेला समभाग पहिल्याच दिवशी त्या किमतीखाली घसरला, हेही नोंदवायला हवे. शिवाय २०१२ च्या ‘विंडोज ८’ पासून मायक्रोसॉफ्टने विषाणूपासून संरक्षण विंडोजमध्येच विनामूल्य घातले. जी वस्तू आज विकली जाते, ती उद्या कोणी फुकट देऊ शकतो, ही या धंद्याची खोड आहे.

पुण्यातच आणखी एका कंपनीची नोंदणी जुलै १९८१ मध्ये झाली होती. ती म्हणजे इन्फोसिस. तिचे संस्थापक पाटणी कॉम्प्युटर्समधील नोकरी सोडून आले होते. त्यांनी जोडधंदा केला नाही, सरळ उडी घेतली. तरी आरंभीचे १०,००० रुपये सुधा मूर्ती यांच्या बचतीतून आले आणि त्या स्वतः पुढेही नोकरी करीत राहिल्या. उडी घेणाऱ्याच्या घरातही कोणाचा तरी पगार येत असतो, तो असा.

आता भिलाईकडे वळू. समजा, सुपेल्याच्या बाजारात संगणक दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या एखाद्याने औषधविक्रेत्यांसाठी बिले करण्याची आणि मुदत संपत आलेल्या औषधांची यादी काढण्याची आज्ञावली लिहिली. त्याची वाट काटकरांच्या वाटेसारखीच आहे. दुकान त्याचे, वेळ त्याचा, गिऱ्हाईक ओळखीचे. परंतु तीच आज्ञावली कारखान्यातील कर्मचाऱ्याने लिहिली, तर गोष्ट बदलते. सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातील नोकरांना पूर्वपरवानगीवाचून व्यापार किंवा दुसरा व्यवसाय करण्यास सामान्यतः सेवानियमांनी मनाई असते. तेव्हा पहिले काम आपले सेवानियम वाचण्याचे आणि परवानगी लेखी मागण्याचे. पत्नीच्या किंवा भावाच्या नावावर धंदा दाखवून काम स्वतः करण्याची पळवाट लोक सुचवतात. चौकशी झाली, तर ती नोकरीवर बेतते.

दुसरी अडचण हक्काची. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात संगणकाची आज्ञावलीही साहित्यकृतीत मोडते. वेगळा करार नसेल, तर नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या आज्ञावलीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. म्हणून जोडधंद्याचे काम घरच्या संगणकावर, घरच्या वेळेत आणि नोकरीच्या कामाशी संबंध नसलेल्या विषयावर करणे शहाणपणाचे. करांचे गणित त्या मानाने सोपे आहे. छत्तीसगडमध्ये सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल, तर वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः सक्तीची नसते. मात्र मिळकत कितीही थोडी असो, प्राप्तिकराच्या विवरणात ती दाखवावी लागते. लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली असून ती विनाशुल्क होते.

खरी कसोटी लागते ती वेळेची. म्हैस सकाळ-संध्याकाळ दूध देते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. विकलेली आज्ञावली भर दुपारी अडते, दुकानात गिऱ्हाइकांची रांग लागलेली असते आणि औषधविक्रेत्याचा दूरध्वनी येतो, तेव्हा आपण पहिल्या पाळीत भट्टीजवळ असतो. पाळीत असताना बोलणे शक्य नाही, आणि रात्रीपर्यंत थांबणे गिऱ्हाइकाला परवडत नाही. यासाठी दिवसा उत्तर देणारा विश्वासू भागीदार हवा, नाहीतर तातडीचे नसलेले काम निवडावे, उदाहरणार्थ शिकवणी वर्गाची महिन्याची हजेरी व शुल्काच्या पावत्या. पहिल्या दोन-तीन गिऱ्हाइकांना ओळखीपोटी सारे फुकट दिले जाते. पुढे तेच फुकटाचे गिऱ्हाईक सर्वांत जास्त वेळ खाते. थोडे का होईना, वार्षिक देखभालीचे पैसे पहिल्या दिवशीच ठरवून कागदावर घ्यावेत. दुरुस्तीच्या धंद्यात ही चाल जुनीच आहे.

शब्दार्थ

झोतभट्टी – लोहखनिजापासून लोखंड वितळवून काढण्याची उंच भट्टी
वरखर्च – नेहमीच्या खर्चाव्यतिरिक्तचा किरकोळ खर्च
आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांचा क्रम
स्वामित्वहक्क – स्वतःच्या निर्मितीवरील कायदेशीर हक्क

स्वाध्याय

१. ‘दुरुस्तीचे दुकान हीच क्विक हीलची प्रयोगशाळा होती’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. काटकर बंधू आणि इन्फोसिसचे संस्थापक यांच्या आरंभात कोणता फरक होता? दोन्हींत सारखे काय आढळते?
३. पाठातील भिलाईचा दुकानदार आणि कारखान्यातील कर्मचारी यांपैकी कोणाची अडचण अधिक मोठी आहे, असे आपल्याला वाटते? कारणे द्या.
४. आपल्या परिसरातील एखाद्या दुकानात अर्धा तास बसा. तेथे रोज पुन्हा पुन्हा येणारी एक अडचण शोधून तिचे आठ-दहा ओळींत वर्णन करा. ती सोडवायला संगणकाची खरोखर गरज आहे, की एक वही पुरेल, तेही लिहा.