खरा गुन्हा आणि त्याचें नाटक

प्रत्यक्ष घडलेल्या गुन्ह्यावर नाट्य रचणारास कल्पनेची मोकळीक किती असावी, हें लंडनमधील एका खटल्यावरून चांगलें कळतें. टिमथी इव्हान्स ह्या तरुणावर स्वतःच्या चिमुकल्या मुलीच्या खुनाचा आरोप होता. त्याच घरांत राहणारा जॉन क्रिस्टी हा सरकारपक्षाचा प्रमुख साक्षीदार. खुनी क्रिस्टीच आहे, असें इव्हान्स सांगत होता; परंतु ज्यूरीनें क्रिस्टीची हकीकत खरी मानिली, आणि १९५० सालीं इव्हान्स फांशीं गेला. १९५३ सालीं क्रिस्टीनें केलेले अनेक खून उघडकीस आले. १९६६ सालीं इव्हान्सला माफी मिळाली. पण ती मरणोत्तर!

२०१६ सालीं बी. बी. सी. नें ह्या प्रकरणावर, त्या गल्लीच्याच नांवाची, 'रिलिंग्टन प्लेस' ही तीन भागांची दूरचित्रवाणी-मालिका दाखविली. घरांतील खासगी संभाषणें कोणी टिपून ठेवीत नाहीं. तीं लेखकास रचावींच लागतात, व त्यांत दोष नाहीं. मात्र साक्षी, निकाल व तारखा ह्यांस धक्का लागतां कामा नये. कारण मृत मनुष्य आपली बाजू मांडावयास परत येत नाहीं. विद्यार्थिमित्रहो, रचलेल्या हकीकतीनें जेथें न्यायासनही फसलें, तेथें प्रेक्षकानें 'ह्यास पुरावा काय?' असें विचारावयास नको काय?