दोन पानांची वही

आपल्याकडे एक म्हण आहे : साठी बुद्धी नाठी. माणूस साठीला आला की त्याची बुद्धी पळाली, असे लोक म्हणतात. वाचकहो, ही म्हण खरी मानू नका. तुम्ही स्वतःकडेच पाहा. केस पिकल्यावर तुम्ही पाटी हातात धरली. आज हा धडा तुम्ही स्वतः वाचत आहात. ज्याला या वयात अक्षर आले, त्याला या वयात दुसरे काय येणार नाही?

उतारवयात पैसा आणि शरीर कसे सांभाळावे, ते आज आपण पाहू. हा धडा मला फार महाग पडला. म्हणून तुम्हांला तो फुकट सांगतो.

गुरुजींचे चुकलेले गणित

मी पस्तीस वर्षे शाळेत शिकवले. मुलांकडून व्याजाची शेकडो गणिते सोडवून घेतली. पण स्वतःच्या घरचे गणित कधी मांडले नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. हातात जी रक्कम आली, ती घराचा स्लॅब आणि मुलीचे लग्न यांत संपली. पेन्शन आहे, मग काळजी कशाची? असे मी म्हणत असे.

शरीराचेही तेच. आरोग्य केंद्रात एकदा रक्तदाब मोजला. वरचा आकडा १७० आणि खालचा १००. डॉक्टरांनी गोळी दिली. महिनाभर घेतली. डोके दुखायचे थांबले, म्हणून गोळीही थांबवली. बरे वाटते तर औषध कशाला? हे माझे शहाणपण!

एके दिवशी पहाटे डाव्या हातातला तांब्या गळून पडला. तोंड वाकडे झाले. बोलायला गेलो, तर शब्द फुटेना. पत्नीने आरडाओरड केली. शेजाऱ्यांनी जीपमध्ये घातले आणि दोन तासांत रुग्णालयात पोहोचवले. म्हणून जीव वाचला. तो अर्धांगाचा झटका होता.

घरात पैसा नव्हता. एका ओळखीच्या माणसाकडून ४०,००० रुपये काढावे लागले. व्याज शेकडा तीन रुपये महिना. म्हणजे शंभर रुपयांना वर्षाला ३६ रुपये! महिन्याचे व्याजच १,२०० रुपये झाले. सात महिने मी नुसते व्याज भरले. ८,४०० रुपये गेले, आणि मुद्दल होते तेवढेच राहिले.

तेव्हा पत्नीने माझ्यापुढे एक कोरी वही ठेवली. म्हणाली, "अहो, जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्यात. आता स्वतःची एक वही घाला की!"

इच्छा वेगळी, ध्येय वेगळे

वही उघडली. पहिल्या दिवशी लिहिले, 'कर्ज फेडायचे. तब्येत सुधारायची.' पत्नीने विचारले, "किती? कधीपर्यंत?" मला उत्तर देता येईना.

'यंदा चांगले पिकवू' असे सगळेच म्हणतात. ती झाली इच्छा. 'मृगाचा पाऊस झाला की दोन एकर बाजरी पेरायची, बी आधी आणून ठेवायचे,' हे झाले ध्येय. ध्येयाला आकडा असतो. मुदत असते. आणि त्यासाठी आज काय करायचे, तेही ठरलेले असते.

मग वहीची दोन पाने आखली. डावे पान पैशाचे, उजवे पान शरीराचे.

डावे पान : पैसा

मी लिहिले : 'दर महिन्याच्या ५ तारखेला मुद्दलाचे २,००० रुपये द्यायचे. शिवाय राहिलेल्या मुद्दलाचे व्याज. २० महिन्यांत कर्ज संपवायचे.'

पहिल्या महिन्याचे व्याज १,२०० रुपये. दुसऱ्या महिन्यात मुद्दल ३८,००० राहिले, म्हणून व्याज १,१४०. असे दर महिन्याला व्याज ६० रुपयांनी उतरत गेले. २० महिन्यांचे सगळे व्याज झाले १२,६०० रुपये. नुसते व्याज भरत बसलो असतो, तर त्याच २० महिन्यांत २४,००० रुपये गेले असते आणि ४०,०००चे कर्ज डोक्यावर तसेच राहिले असते. मुद्दलाला हात घालावा, तो असा.

तुमच्यावर असे महाग कर्ज असेल, तर आधी बचत गटात किंवा बँकेत विचारा. तिथे कमी व्याजाने पैसे मिळाले, तर महाग कर्ज पहिल्यांदा फेडा. महाग कर्ज ठेवून बचत करणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

पैसे आणले कुठून? रोज २० रुपयांची तंबाखू आणि हॉटेलात २० रुपयांचा चहा, असा माझा खर्च होता. रोजचे ४०, महिन्याचे १,२००. ते बंद केले. उरलेले पेन्शनमधून काढले.

कर्ज फिटल्यावर तीच ५ तारीख पोस्टाला लावली. पोस्टात आवर्ती ठेव म्हणून खाते असते. महिन्याला कमीत कमी १०० रुपये भरता येतात. पाच वर्षांचे ६० हप्ते असतात. महिन्याला १,००० भरले तर पाच वर्षांत आपलेच ६०,००० जमतात. व्याज त्यावर वेगळे. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे.

खात्याला वारसाचे नाव लावले आहे का, तेही पासबुकात पाहा. आता तुम्हांला वाचता येते. दुसऱ्याच्या भरवशावर राहू नका. 'वर्षात पैसे दुप्पट करून देतो' असे कोणी म्हणाला, तर त्याला दारातूनच रामराम करा. मोबाइलवर आलेला गुप्त आकडा कोणालाही सांगू नका.

उजवे पान : शरीर

या पानावर चार ओळी लिहिल्या.

१. डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायची. बरे वाटते म्हणून बंद करायची नाही. रक्तदाब पुष्कळदा काही त्रास न देता वाढतो. बरे वाटते, ते गोळीमुळेच वाटत असते.

२. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास भरभर चालायचे. म्हणजे आठवड्याची १५० मिनिटे झाली.

३. मीठ कमी करायचे. एका माणसाला दिवसाला सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरते. म्हणजे एक लहान चमचाभर. लोणचे, पापड यांतले मीठही त्यातच धरायचे.

४. महिन्यातून एकदा रक्तदाब मोजून आकडा वहीत लिहायचा. तो १४० आणि ९० यांच्या खाली ठेवायचा.

तंबाखू सोडण्याचे डाव्या पानावर लिहिलेच होते. ते उजव्या पानावरही लिहिले. तंबाखूने रक्तवाहिन्या बिघडतात, आणि खिसाही रिकामा होतो.

इथेच मला कळले, की पैसा आणि शरीर हे एका जुवाचे दोन बैल आहेत. एक बसला की दुसरा चालत नाही. मी चार पैशांची गोळी सोडली, आणि ४०,०००चे कर्ज अंगावर घेतले.

फुलीसुद्धा लिहा

काम झाले त्या दिवशी मी वहीत बरोबरची खूण करी. चुकले तर फुली. पहिल्या पावसाळ्यात अकरा दिवस चालणे हुकले. अकरा फुल्या मारल्या. लाज वाटली, पण वही बंद केली नाही. बाराव्या दिवशी पुन्हा निघालो. एक पाळी हुकली म्हणून कोणी शेत सोडून देत नाही.

विसाव्या महिन्याच्या ५ तारखेला शेवटचा हप्ता दिला आणि कागद परत घेतला. त्या महिन्यात रक्तदाब होता १३२ आणि ८४. डाव्या हाताची मूठ अजून पुरी वळत नाही. पण तांब्या धरता येतो.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे खरे. पण म्हणून तहानलेल्याने खणूच नये, असे थोडेच आहे?

लक्षात ठेवा

• तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, ही अर्धांगाची लक्षणे आहेत. घरगुती उपायांत वेळ घालवू नका. लगेच १०८ क्रमांकावर फोन करा. अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देतात.

• वय ३०च्या पुढे असलेल्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी.

• सत्तर वर्षांपुढील सर्वांसाठी २०२४ साली आयुष्मान योजना खुली झाली. त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात. कार्ड आजारी पडण्याआधीच काढून ठेवा.

स्वाध्याय

१. एक वही घ्या. डाव्या पानावर पैशाचे एक ध्येय लिहा. उजव्या पानावर शरीराचे एक ध्येय लिहा. किती, कधीपर्यंत आणि आज काय करणार, हे तिन्ही लिहा.

२. तुमच्या घरात रोजचा कोणता खर्च कमी करता येईल? त्याचे महिन्याचे व वर्षाचे पैसे काढा.

३. कर्ज १०,००० रुपये. व्याज शेकडा दोन रुपये महिना. दर महिन्याला व्याज देऊन शिवाय मुद्दलाचे १,००० रुपये फेडले, तर कर्ज फिटेपर्यंत व्याज किती जाईल? (उत्तर : १,१०० रुपये.)

४. वही घरातल्या कोणाला तरी दर रविवारी दाखवा. फुल्या झाकू नका.