पिग टनात मोजा, रुपयांत नको

आम्ही गोकुळ शिरगावात ट्रॅक्टरची कास्टिंग ओततो. एका बड्या गिऱ्हाइकाने 'स्कोप 3'चा, म्हणजे पुरवठा साखळीतल्या कार्बनचा, तक्ता धाडला तेव्हा आमच्याकडे डिझेल आणि वीजबिल एवढाच हिशेब होता. सल्लागार आले. त्यांनी खरेदीखात्यातले रुपये उचलले, प्रत्येक खर्चाला कुठल्याशा परदेशी तक्त्यातला गुणक लावला आणि गुळगुळीत अहवाल हातात ठेवला. पुढच्या वर्षी पिग आयर्न महागलं. ओतकाम तेवढंच, तरी कागदावर आमचा कार्बन वाढला! भाव पडले असते तर आम्ही काही न करता पर्यावरणप्रेमी ठरलो असतो.

असा तक्ता ज्यांच्या टेबलावर आता येऊन पडलाय, त्यांनी आधी एवढंच विचारावं: हा आकडा वापरणार कोण? सेबीचा बीआरएसआर अहवाल 2022-23 पासून बंधनकारक झाला तो पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना, आणि त्यातही स्कोप 3 ऐच्छिक. आपल्या प्रायव्हेट लिमिटेडवर ती सक्ती नाही. पण आपली भट्टी आणि आपला कच्चा माल, दोन्ही गिऱ्हाइकाच्या स्कोप 3 मध्ये जातात. त्याला हवा असतो टनभर कास्टिंगमागचा कार्बन.

युरोपला नटबोल्ट पाठवत असाल तर गोष्ट वेगळी. सीबॅमचा, म्हणजे तिथल्या आयातीवरच्या कार्बन-शुल्काचा, मुख्य टप्पा 1 जानेवारी 2026 पासून लागू आहे, आणि तिथे विकत घेतलेल्या पोलादाचाही कार्बन धरतात.

जीएचजी प्रोटोकॉलच्या 2011 च्या मानकात स्कोप 3 चे 15 प्रकार आहेत. सगळ्यांच्या मागे लागू नका. कामगारांच्या मोटारसायकली मोजत बसलेला एक कारखाना मला ठाऊक आहे. पिग कुठून येतं हे त्यांच्या अहवालात नव्हतं.

आमचंच गणित बघा. इंडक्शन भट्टीला टनामागे साडेसहाशेच्या आसपास युनिट लागतात. आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणजे साधारण साडेचारशे किलो. ब्लास्ट फर्नेसच्या पिगचा आकडा टनामागे ढोबळ दोन टन. चार्जमध्ये तिसरा हिस्सा पिग असलं तरी ते विजेला मागे टाकतं. सोलर बसवून फोटो काढणाऱ्यांनी हे जरा बघावं.

भंगाराच्या माथी कार्बन फारच कमी मारतात, म्हणून पिग कमी करून सीआरसी (पोलादी पत्र्याचं भंगार) वाढवायचा मोह होतो. पण मग कार्बुरायझर जास्त लागतो, भट्टीला वेळ जास्त लागतो, आणि भंगारातलं मँगनीज एसजी आयर्नला मानवत नाही. खरेदीवाला आणि मेटलर्जिस्ट याच मुद्द्यावर समोरासमोर बसले, तर मोजणीचे पैसे वसूल.

तेव्हा पिग, भंगार, फेरोअलॉय आणि कार्बुरायझर स्टोअरच्या नोंदीतून किलोत घ्या. पिगवाल्याकडे त्याचा आकडा लेखी मागा. बहुतेकदा उत्तर येत नाही. मग अंदाज धरा, पण त्या रकान्यात 'अंदाज' असं स्पष्ट लिहा आणि तो कुठून घेतला तेही. गिऱ्हाइकाचा ऑडिटर पहिलं बोट तिथेच ठेवतो.