बालवर्गास निरनिराळ्या लोकांच्या संगीताची ओळख
(बालवर्गाच्या शिक्षकांकरिता)

सोलापुरात भवानी पेठेत जो बालवर्ग आम्ही चालवितो, त्यात चार ते सात वर्षांची बावीस मुले आहेत. बहुतेकांच्या घरी मराठी बोलतात. कित्येकांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कानडी, आणि दोघांची आई उर्दू बोलणारी आहे. सोलापूरकरांस ह्यात नवल वाटत नाही. मागाच्या धंद्यामुळे तेलंगणातील पद्मशाली विणकर येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत, आणि कर्नाटकाची सीमाही दूर नाही. एकाच गल्लीत चार भाषांत अंगाई गायिली जाते असे हे शहर आहे.

एके दिवशी मी मुलांस सहज म्हटले, "घरी आजी किंवा आई जे गाणे म्हणते, ते कोणी म्हणून दाखवील काय?" पाच वर्षांची एक तेलुगू मुलगी उभी राहिली व डोळे मिटून गाऊ लागली. दोन ओळी झाल्या नाहीत तोच मुले हसू लागली. शब्द कळत नव्हते म्हणून हसली, दुष्टपणाने नव्हे. परंतु ती मुलगी खाली बसली, आणि पुढे तीन आठवडे तिने वर्गात तोंड म्हणून उघडले नाही. नेहमीचे गीतही म्हणेना. घरीही आजीने गाणे आरंभिले की ती कानांवर हात ठेवू लागली, असे तिच्या आईने सांगितले. ह्यात दोष मुलांचा नव्हता, माझा होता. जमीन न नांगरता मी बी टाकले होते. तेव्हापासून जो क्रम मी धरिला, तो खेड्यांतील शिक्षक व उपदेशक बंधुभगिनींच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे लिहीत आहे.

लहान मुलास गाण्याच्या द्वारे शिकवावे हा विचार काही नवा नव्हे. जर्मनीतील फ्रोबेल ह्याने बालोद्यान शाळेची कल्पना काढिली व १८४४ साली आयांकरिता गाण्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक गाण्यास हाताबोटांचा एक खेळ जोडिला होता. तीच पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनाच्या मिस मेरी हार्डिंग ह्यांच्या किंडरगार्टन शाळेने आपल्या सोलापुरात आणिली. जे कानांनी ऐकावयाचे ते मुलाच्या हातापायांत प्रथम शिरले पाहिजे, हे फ्रोबेलचे मर्म आजही खरे आहे.

म्हणून आरंभ शब्दांनी करू नये, ठेक्याने करावा. परक्या भाषेचा शब्द ऐकून मूल हसते; परक्या ठेक्यास ते हसत नाही, कारण त्याचा पाय आधीच हालू लागलेला असतो. पहिले दोन आठवडे आम्ही केवळ टाळ्या वाजविल्या. पंढरपूरच्या वाटेवर वारकरी टाळ कसे वाजवितात, मागावर धोटा इकडून तिकडे जाताना कसा खटका होतो, जात्यावर दळणाऱ्या बाईचा हात कसा फिरतो, हे सर्व टाळ्यांनी करून पाहिले. धोट्याचा खटका करण्यात विणकरांची मुले सर्वांच्या पुढे होती. ती मुलगीही त्यांत होती, हे मी मनात टिपून ठेविले.

तिसऱ्या आठवड्यास फेर. आपल्याकडे आश्विनात मुली भोंडला खेळतात. कोठे त्यास हादगा म्हणतात. मध्ये पाटावर हत्तीचे चित्र, भोवती फेर. आणि त्याच सुमारास, भाद्रपदाच्या अमावास्येपासून नऊ दिवस, तेलंगणातील स्त्रिया बतुकम्माचा फेर धरितात. रानफुलांची थरावर थर अशी निमुळती रास मध्ये ठेवून भोवती टाळ्या वाजवीत फिरतात, आणि गाण्याच्या ओळीअखेर झोपाळा ह्या अर्थाचा एक शब्द सर्व जणी मिळून म्हणतात. मी मुलांस दोन्ही फेर शब्दांवाचून चालविले. मग विचारले, "दोहोंत सारखे काय?" एक मुलगा म्हणाला, "दोन्हींत मधल्या वस्तूला कोणी शिवत नाही." हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

एका वडील बंधूंनी मला विचारले की, ही तर सणांची गाणी. मंडळीच्या मुलांस ती कशास पाहिजेत? प्रश्न रास्त आहे व तो टाळू नये. ओळख करून घेणे निराळे आणि आराधना करणे निराळे. हे गाणे कोणाचे, ते केव्हा म्हणतात, हे मुलांस खरे खरे सांगावे. परंतु त्यातील प्रार्थना त्यांच्या तोंडी घालू नये. तसेच दुसऱ्याच्या सणाच्या गाण्यात आपले शब्द कोंबून ते आपले म्हणून मिरवू नये, हेही मला तितकेच महत्त्वाचे वाटते. येथे कोणी रेव्हरंड टिळकांचे उदाहरण देतील. पण नारायण वामन टिळकांनी अभंग व ओवी उसनी घेतली नव्हती. ती त्यांच्या घरचीच होती. त्यांच्या पूर्वी कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांनी कीर्तनाची रीत ख्रिस्ती मंडळीत आणिली, तीही ह्याच मातीतली. पाश्चात्य चालीवर मराठी शब्द बसविताना काय होते ते आपण दर रविवारी ऐकतोच: इंग्रजी गीत आघातावर चालते, मराठी पद्य ऱ्हस्वदीर्घावर, त्यामुळे बिचारे ऱ्हस्व अक्षर रबरासारखे ताणले जाते. तथापि त्या चालीही आता आपल्या आज्यांच्या तोंडी बसल्या आहेत, आणि त्यांस परक्या म्हणण्याची माझी छाती नाही.

परके व आपले ह्यांची गुंतागुंत मुलांस दाखवावयाची असेल तर पेटीसारखे साधन नाही. भजनी मंडळात पेटी नाही असे गाव क्वचितच. परंतु ती फ्रान्सची. अलेक्झांद्र दबँ ह्याने १८४२ साली पॅरिसात तिचे पेटंट घेतले. ती पायभात्याची होती व खुर्चीवर बसून वाजवावी लागे. पुढे कलकत्त्यास द्वारकानाथ घोष ह्यांनी जमिनीवर बसून एका हाताने भाता ओढता येईल अशी पेटी केली, आणि ती भारतभर पसरली. गंमत अशी की, १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने हिच्यावर बंदी घातली होती. आपल्या गायकीतील मींड व सूक्ष्म श्रुती हिला काढता येत नाहीत, असा आक्षेप होता. आक्षेप खोटा नव्हता. पण खेड्यांतील भजन्यांनी पेटी काही खाली ठेविली नाही.

ह्याच्या उलट तंबोरा. मिरजेचे तंबोरे व सतारी देशभर जातात. २०२४ साली त्यांस भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांचा भोपळा मात्र पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतांत, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात पिकतो. तो कडू असतो, खाण्याच्या कामाचा नाही. वाळलेला भोपळा वर्गात आणावा, मुलांस त्यावर टिचकी मारू द्यावी, तोंडाशी धरून त्यात हाक मारू द्यावी. पोकळ वस्तूत आवाज कसा घुमतो हे समजावून सांगावयास मग शब्द लागत नाहीत.

स्वरांची नावे सहा वर्षांच्या आत सांगण्याची घाई नको. सांगावयाची झाली तर पाण्याचे सात पेले मांडून सांगावी. पेल्यावर हलके वाजविले असता ज्यात पाणी अधिक त्याचा स्वर खाली जातो. आपण त्यांस सा रे ग म म्हणतो. इटलीतील ग्वीदो नावाच्या मठवाशाने अकराव्या शतकात एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींची आद्याक्षरे घेऊन निराळी नावे ठेविली. पेले तेच. आणखी एक सूचना, जी मी स्वतः फार उशिरा शिकलो: पुरुषांच्या पट्टीत मुलांस गाण्यास लावू नये. त्यांचा गळा उंच असतो. खाली ओढला की मूल ओरडते, आणि आपण त्यास बेसूर म्हणतो.

आता जो भाग मला सर्वांत कठीण गेला तो सांगतो. वाद्यांच्या पाठात मी हलगी आणण्याचे ठरविले. आपल्या भागात हलगीवाचून मिरवणूक नाही. कर्नाटकात ती आहे, तेलंगणात तिच्याच जातीचा डप्पू, तामिळ देशात परई. आणि बहुतेक ठिकाणी हे वाद्य ज्यांस गावाबाहेर ठेविले त्यांच्याच हाती दिलेले. वर्गातील एका मुलाच्या वडिलांस हे कळले. ते संध्याकाळी माझ्या घरी आले व दारातच उभे राहून म्हणाले, "मास्तर, माझ्या बापाला पाटलाच्या दारी बोलवायचे तेव्हा जावे लागे. ताप असला तरी. वाजवून झाल्यावर भाकरी वरून टाकत. ते टिपरू आम्ही गावात टाकून आलो. ते माझ्या पोराच्या हातात देऊ नका."

मी त्यांस काय उत्तर देणार? मला त्या वेळी अमेरिकेतील फिस्क विद्यालयाची गोष्ट आठवली. गुलामगिरीतून सुटलेल्यांकरिता मिशनाने ते १८६६ साली नॅशव्हिल येथे काढिले. १८७१ साली तेथील नऊ तरुण विद्यार्थी पैसा जमविण्याकरिता गात फिरण्यास निघाले. गुलामीत आईबापांनी म्हटलेली भक्तिगीते ते आपसांत दार लावून म्हणत, लोकांपुढे म्हणण्यास प्रथम तयार नव्हते. त्या गाण्यांस चाबकाची आठवण चिकटली होती. पुढे तीच गीते त्यांनी गायिली, इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीनेही ती ऐकिली, आणि मिळालेल्या पैशातून विद्यालयाची मोठी इमारत उभी राहिली. आज ती गीते जगभर म्हटली जातात.

परंतु ही गोष्ट मी त्या गृहस्थांस सांगितली नाही. कारण ती गीते गुलामांची स्वतःची होती, धन्यांनी मागितलेली नव्हती. हलगी मात्र मागून, दरडावून वाजवून घेतलेली. हा भेद लहान नव्हे. शिवाय त्या तरुणांनी लाज टाकिली ती स्वतः; दुसऱ्या कोणी त्यांस टाकावयास लाविली नाही. मी इतकेच म्हटले, "तुमच्या मुलास मी वाजवावयास सांगणार नाही. पण वर्गात बाकीच्या वाद्यांची नावे आली आणि हिचेच आले नाही, तर तो काय समजेल?" ते काही न बोलता गेले.

शनिवारी मी हलगी मांडली. लाकडी कडे, त्यावर ताणलेले कातडे, आणि दोन काड्या, एक जाड व एक बारीक, हे मुलांस दाखविले. ही कोणी बनविली, कोण वाजवीत आले व त्यांस काय सोसावे लागले, हेही चार सोप्या वाक्यांत सांगितले. पाच वर्षांच्या मुलास अन्याय हा शब्द कळत नसला तरी 'ताप असतानाही जावे लागे' हे कळते. मग मी वाजवू लागलो, आणि भिजल्या पोत्यावर मारावे तसा आवाज निघाला. त्या दिवशी पाऊस होता. मुले हसली, ह्या वेळी मला, ते ठीकच झाले.

इतक्यात दाराशी ते गृहस्थ दिसले. मुलास न्यावयास आले असावेत. काही वेळ पाहत उभे राहिले, मग आत येऊन म्हणाले, "मास्तर, ती थंड आहे. थंड कातडे बोलत नाही." त्यांनी हलगी उचलली, शेजारच्या घरी चुलीपाशी नेली, कड्याला धरून जाळावर फिरवून फिरवून शेकली, आणि मधूनमधून बोटाने टिचकी मारून पाहू लागले. मुले भोवती जमली. प्रत्येक टिचकीस स्वर थोडा वर चढे. ती तेलुगू मुलगी सर्वांत पुढे होती; ती म्हणाली, "पेल्यातले पाणी कमी होते आहे." कडे तापले तेव्हा त्यांनी हलगी परत आणिली आणि माझ्या हाती दिली. स्वतः वाजविली नाही.