पदकाच्या कडेवर कोरलेलं नाव

मोहनखेड्याहून समुद्र फार लांब. आपल्याकडे १८५७ म्हटलं की शेजारच्या अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह आठवतात. जुलै १८५७ मध्ये अमझेऱ्याच्या फौजेने भोपावरच्या इंग्रज एजन्सीवर हल्ला केला. १० फेब्रुवारी १८५८ ला राजांना इंदूरमध्ये फाशी झाली आणि अमझेरा शिंद्यांकडे गेलं. या युद्धासाठी इंग्रजांनी आपल्या माणसांना एक चांदीचं पदक दिलं. आपण साहित्याचे विद्यार्थी, तेव्हा ते एखाद्या मजकुरासारखं वाचून बघू. त्यासाठी मी पदक निवडलंय एका खलाशाचं. हो, खलाशाचंच!

विल्यम हॉल कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा, कृष्णवर्णीय. त्याचे आईवडील अमेरिकेतल्या गुलामीतून सुटलेले, आणि त्यांना तिथून बाहेर काढलं होतं ब्रिटिश नौदलानेच. हे लक्षात ठेवा, म्हणजे तो याच नौदलात का गेला असेल याचा थोडा अंदाज येतो. १८५२ मध्ये तो रॉयल नेव्हीत भरती झाला, क्रिमियाच्या युद्धात लढला, मग ‘शॅनन’ जहाजावर गेला. शॅनन निघालं होतं चीनकडे, पण बंडाची बातमी आली आणि ते कलकत्त्याला वळलं. कप्तान विल्यम पील याने जहाजावरच्या अवजड तोफा उतरवल्या. त्या अलाहाबादपर्यंत नदीने आणि पुढे जमिनीवरून ओढत नेल्या. १६ नोव्हेंबर १८५७ ला लखनौच्या शाह नजफसमोर हॉलच्या तोफेवरचे लोक पडत गेले. उरले जखमी लेफ्टनंट यंग आणि हॉल. भिंतीला भगदाड पडेपर्यंत हॉल तोफ डागत राहिला. या कामगिरीबद्दल १८५९ मध्ये त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता युद्धाचं पदक बघा. एका बाजूला तरुण राणी व्हिक्टोरिया. दुसऱ्या बाजूला हातात पुष्पचक्र घेतलेली ब्रिटानिया, मागे सिंह, वर ‘इंडिया’, खाली १८५७-१८५८. फीत पांढरी, तिच्यावर दोन लाल पट्टे. कडेवर पदकधारकाचं नाव. ‘इंडिया’ शब्द आहे, पण चित्रात भारतातलं काहीच नाही, ना माणूस, ना शहर. आपली शहरं येतात ती फितीवरच्या आडव्या पट्ट्यांवर. हॉलच्या पदकाला अशा दोन पट्ट्या, दोन्ही लखनौच्या.

पाच पट्ट्यांपैकी एक ‘सेंट्रल इंडिया’ची. पण ती जानेवारी ते जून १८५८ मधल्या झाशी, काल्पी, ग्वाल्हेरकडच्या लढायांसाठी. धारच्या किल्ल्याला वेढा पडला ऑक्टोबर १८५७ मध्ये, म्हणजे तो त्या तारखांच्या बाहेरच राहिला.

मला हॉलचा राग करता येत नाही, कौतुकही सरळ जमत नाही. गुलामीतून सुटलेल्यांचा मुलगा, आणि त्याची तोफ रोखलेली परक्या राज्याविरुद्ध उठलेल्यांवर. पदकात हा पेच कुठेच नाही. १८७६ मध्ये तो निवृत्त झाला, गावी परतून शेती करू लागला. १९०४ मध्ये वारला, तेव्हा थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. १९४५ मध्ये त्याचे अवशेष हँट्सपोर्टच्या बाप्टिस्ट चर्चजवळ नेऊन पुरले, तेव्हा कुठे स्मारक झालं. तोवरही त्याचं नाव धातूवर होतंच, त्या चांदीच्या कडेवरसुद्धा.