यतीमखान्याची देग : सदका आणि अमानत



सूरह अल-बकरहच्या 267 व्या आयतीत अल्लाह तआला श्रद्धावंतांना बजावतो की, आपल्या कमाईतील उत्तम तेच त्याच्या मार्गात खर्च करावे. जी निकृष्ट वस्तू कोणी आपल्याला दिली असता आपण डोळेझाक केल्याखेरीज स्वीकारणार नाही, ती दानासाठी निवडू नये.

या आदेशाच्या प्रकाशात आपल्या एका रिवाजाकडे पाहा. सातारा-सांगलीकडे उन्हाळ्यात निकाहांची गर्दी असते. रात्रीच्या वलीम्यात पुलाव उरतो, देगेवर झाकण पडते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती यतीमखान्यात किंवा मदरशाच्या वसतिगृहात पोहोचते. भावना सदक्याचीच असते. परंतु तो भात रात्रभर उकाड्यात राहिलेला असतो.

5 ते 60 अंश सेल्सिअस तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि मोठ्या देगेचा मध्यभाग कित्येक तास कोमट राहतो. तांदळातील काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. त्यांच्यापासून तयार होणारे एक विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. वासावरून ते ओळखता येत नाही. घरचे मूल 'नको' म्हणू शकते. यतीम मूल पुढ्यात आले ते खाते.

'मग अन्न टाकणे हा इसराफ नव्हे काय?' इसराफ निषिद्धच आहे; पण त्याचा प्रारंभ गरजेहून अधिक शिजवण्यात होतो. शिवाय कोणालाही अपाय होऊ देऊ नये, हा हदीसवर आधारलेला फिकहचा मान्य नियम आहे.

म्हणून उरलेले अन्न पाठवायचे तर आधी कळवून, त्याच रात्री, गरम असतानाच पाठवा. संस्थेच्या भटारखान्यात ते ठेवायचे झाल्यास शिजल्यापासून दोन तासांच्या आत पसरट परातींत काढून फ्रीजमध्ये ठेवावे व एकदाच, वाफ येईपर्यंत, गरम करावे. कच्चे मांस खालच्या कप्प्यात झाकून ठेवावे. धान्याची पोती फळ्यांवर ठेवून जुने धान्य आधी वापरावे. रात्री भांडी झाकण्याची ताकीद तर स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे.

ऑगस्ट 2019 च्या महापुराने सांगलीतील घरांत पाणी शिरले, तो अनुभव आपण विसरलेलो नाही. पुराच्या पाण्यात भिजलेले धान्य वाळवून दान करू नये. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा शोधणाऱ्या आणि फसवणूक करणारा आपला नव्हे, असे बजावणाऱ्या प्रेषितांचे (स.) आपण अनुयायी आहोत.

जे ताट आपण आपल्या लेकरापुढे ठेवू, तेच यतीमापुढे ठेवण्याची सद्‌बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.